फरारी शिपायाचे प्रायश्चित्त

इ. स. १९७९ च्या एप्रिलात नागोयाच्या दूरचित्रवाणी केंद्रावरून सुरू झालेल्या व योशियुकी तोमिनो यांनी दिग्दर्शिलेल्या ‘मोबाइल सूट गंडाम’ या जपानी चित्रमालिकेच्या ४३ भागांत एकट्या पंधराव्या भागाची मातब्बरी ती काय. परंतु भविष्यकालीन युद्धकथांतील फरारी शिपायांचा इतिहास लिहू जाता आधी नाव घ्यावे लागते ते त्याच भागातील कुकुरुस दोआनचे. आपल्याच गोळीने ज्यांचे आईबाप मारले गेले, त्या लेकरांनाही ठार करण्याचा त्याच्याच पक्षाच्या झिऑन सरकारचा हुकूम सुटताच हा शिपाई फौज सोडून मुलांसह एका एकाकी बेटावर परागंदा झाला. आणि पाठलागावर आलेल्या स्वकीयांशी तो आपल्या ‘झाकू’ नामक महाकाय यंत्राच्या मुठींनी व प्रचंड शिळा भिरकावून झुंजू लागला. अखेरीस प्रतिपक्षाचा कोवळा योद्धा आमुरो, दोआनच्या अंगी भिनलेला युद्धाचा वासच वैऱ्यांना ओढून आणतो हे ओळखून, तो झाकू समुद्रात लोटून देतो. तोमिनोंच्या इच्छेवरून हा भाग अमेरिकेतील आवृत्तीतून वगळण्यात आला. तथापि मूळ मालिकेचे पात्ररेखाटनकार योशिकाझु यासुहिको यांनी २०२२ साली त्याच कथेवर संपूर्ण चित्रपट काढला. शस्त्र टाकल्यावाचून शिपायाचे प्रायश्चित्त पुरे होत नाही, हा या कथेचा निवाडा आमच्या मते रास्त आहे.