अ‍ॅन्सन डोरन्स : महाविद्यालयीन फुटबॉल प्रशिक्षकाची कारकीर्द आणि एका कायद्याच्या दोन बाजू

प्रस्तावना

क्रीडा प्रशिक्षकाचे चरित्र बहुधा विजयांची यादी म्हणून लिहिले जाते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या महिला फुटबॉल संघाचे प्रशिक्षक अ‍ॅन्सन डोरन्स यांच्याबाबतीत अशी यादी करणे सहज शक्य आहे. १९७९ ते २०२४ या काळात त्यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने २२ राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविली. मात्र ही कारकीर्द ज्या कायद्यामुळे घडली, त्याच कायद्याखाली पुढे तिची न्यायालयीन तपासणीही झाली. प्रस्तुत लेखात या दुहेरी संबंधाचा विचार केला आहे.

जडणघडण

डोरन्स यांचा जन्म ९ एप्रिल १९५१ रोजी मुंबईत झाला. वडील तेल कंपनीत अधिकारी असल्याने त्यांचे बालपण भारत, केनिया, इथिओपिया, सिंगापूर, बेल्जियम व स्वित्झर्लंड येथे गेले. तत्कालीन अमेरिकेत दुय्यम मानला जाणारा फुटबॉल हा खेळ त्यांना अशा रीतीने परदेशात लाभला. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातून त्यांनी इंग्रजी व तत्त्वज्ञान या विषयांत १९७४ मध्ये पदवी घेतली. पुढे कायद्याचे शिक्षण अर्धवट सोडून ते प्रशिक्षणाकडे वळले आणि १९७७ पासून विद्यापीठाच्या पुरुष संघाची धुरा त्यांनी सांभाळली.

कायद्याने दिलेली संधी

१९७२ च्या शिक्षणविषयक कायद्यातील नवव्या प्रकरणाने संघराज्याचे अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगाधारित भेदभावास मनाई केली. मूळ कलमात खेळाचा उल्लेखही नव्हता. १९७५ च्या नियमांनी त्याचा क्रीडाक्षेत्रातील अंमल स्पष्ट केला. या पार्श्वभूमीवर १९७९ मध्ये विद्यापीठाने महिला संघ सुरू केला व तो डोरन्स यांच्याकडे सोपविला. १९८८ पर्यंत दोन्ही संघ त्यांच्याकडेच होते. महिलांची पहिली राष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा १९८१ मध्ये झाली व ती या संघाने जिंकली. त्या वेळी मोजक्याच विद्यापीठांत महिला संघ होते. लवकर सुरुवात केल्याचा लाभ या यशामागे होता, हे मान्य केले पाहिजे.

तथापि केवळ संधीने १९८६ ते १९९४ अशी सलग नऊ अजिंक्यपदे मिळत नाहीत. बास्केटबॉल प्रशिक्षक डीन स्मिथ यांच्या सरावपद्धतीवरून प्रेरणा घेऊन डोरन्स यांनी सरावातील प्रत्येक चढाओढीची नोंद ठेवून खेळाडूंची क्रमवारी लावण्याची पद्धत रुजविली. मुलींना उघड स्पर्धेपासून जपावे लागते, हा समज तिने मोडीत काढला. १९९१ मध्ये चीनमध्ये झालेली पहिली महिला विश्वचषक स्पर्धा अमेरिकेने अंतिम सामन्यात नॉर्वेला २-१ असे नमवून जिंकली. त्या संघाचेही प्रशिक्षक डोरन्सच होते, आणि १८ पैकी ९ खेळाडू याच विद्यापीठाच्या होत्या.

कायद्याने घेतलेली तपासणी

१९९८ मध्ये दोन माजी खेळाडूंनी त्याच नवव्या प्रकरणाचा आधार घेऊन विद्यापीठ व डोरन्स यांच्याविरुद्ध लैंगिक छळाचा दावा दाखल केला. खेळाडूंच्या खासगी आयुष्याविषयीचे त्यांचे बोलणे हा वादाचा मुख्य विषय होता. डोरन्स यांनी छळाचा आरोप नाकारला. कनिष्ठ न्यायालयाने निकाली काढलेला दावा २००७ मध्ये अपील न्यायालयाने पुन्हा सुनावणीस पात्र ठरविला. अखेर २००४ व २००८ मध्ये दोन्ही दावे तडजोडीने मिटले. त्यात डोरन्स यांनी अशा बोलण्याबद्दल माफी मागितली. संघात निवड, मैदानावरील वेळ आणि शिष्यवृत्ती ज्याच्या शब्दावर अवलंबून आहे, त्याच्या थट्टेला विद्यार्थिनी मोकळेपणाने विरोध करू शकत नाही, हा या प्रकरणाचा गाभा होता.

समारोप

ऑगस्ट २०२४ मध्ये डोरन्स निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांचे सहकारी डेमन नाहस यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने पुन्हा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. व्यक्तीमागे टिकून राहणारी परंपरा उभी राहिली, हे या कारकिर्दीचे मोठे फलित होय. परंतु मैदानाचे दार उघडून देणारा कायदा दाराशीच थांबत नाही. आत विद्यार्थिनीला कशी वागणूक मिळते, हेही तो विचारतो. कोणत्याही महाविद्यालयातील प्रशिक्षक वा प्राध्यापकाच्या यशाचे मूल्यमापन करताना हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारले गेले पाहिजेत.