सिंह, फूल आणि दोन पाने : गोव्याने ७१ दिवसांत दिलेले दोन कौल

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याच्या मतदारांनी महाराष्ट्रात विलीन होण्यास नकार दिला. २८ मार्च १९६७ रोजी याच मतदारांनी, विलीनीकरण हे ज्याचे घोषित ध्येय होते आणि ज्याच्या नावातच 'महाराष्ट्रवादी' हा शब्द होता, त्या पक्षाला पुन्हा सत्तेवर बसवले. दोन्ही मतदानांत अंतर अवघे ७१ दिवसांचे.

वरवर पाहता हा निव्वळ गोंधळ वाटतो. पण निवडून आलेल्या नेत्याने लोकमताच्या मागे चालावे की त्याला वाट दाखवावी, या जुन्या वादाकडे पाहण्यासाठी भारतीय इतिहासात यापेक्षा बोलके प्रकरण क्वचितच सापडेल. या वादात लोकमत ही स्पष्ट, हाताला लागणारी वस्तू आहे असे दोन्ही बाजू गृहीत धरतात. १९६३ नंतरच्या गोव्यात मात्र खरा झगडा लोकमत कोठे आहे आणि ते मोजायचे कसे, यावरच झाला.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्ता संपली आणि गोवा, दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेश झाला. नव्याने जोडलेल्या या प्रदेशाचे वेगळेपण जपले जाईल आणि त्याच्या भवितव्याचा निर्णय तेथील लोकांच्या इच्छेने होईल, अशी पंडित नेहरूंची भूमिका होती. ९ डिसेंबर १९६३ रोजी पहिली विधानसभा निवडणूक झाली. काँग्रेसला स्वातंत्र्याचे श्रेय आपोआप मिळेल अशी दिल्लीची अपेक्षा असावी, परंतु ३० पैकी एकच जागा तिच्या पदरी पडली आणि तीही दमणची. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला, म्हणजे मगोला, १४ आणि युनायटेड गोवन्स पक्षाला, म्हणजे युगोला, १२ जागा मिळाल्या. अपक्षांच्या साहाय्याने मगोचे सरकार आले आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. विरोधी बाकांचे नेतृत्व डॉ. जॅक सिक्वेरा यांच्याकडे गेले.

मगोचे चिन्ह सिंह, युगोचे हात. ही चिन्हे पुढे महत्त्वाची ठरतात.

भाऊसाहेब बांदोडकरांचा युक्तिवाद सरळ होता. पक्षाने विलीनीकरणाचा प्रश्न घेऊनच मते मागितली आणि लोकांनी ती दिली, तेव्हा कौल मिळालेलाच आहे व प्रतिनिधींनी फक्त तो अमलात आणायचा आहे. जानेवारी १९६५ मध्ये गोवा विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव संमत केला. त्याच वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही अनुकूल ठराव केला. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा असल्यामुळे एक साधा कायदा पुरेसा झाला असता.

या भूमिकेला अप्रामाणिक म्हणता येणार नाही. बांदोडकरांनी निवडणुकीपूर्वी जे सांगितले, तेच नंतर करायला घेतले. जाहीरनामा विसरणाऱ्यांच्या गर्दीत हा गुण दुर्मीळच म्हणावा लागेल. दोष होता तो कौलाच्या वाचनात.

सिंहावर शिक्का मारणारा पेडण्याचा किंवा सत्तरीचा कूळ नेमके काय मागत होता? पोर्तुगीज अमदानीत जमीन भाटकाराची असे. मुंडकार त्याच्या जमिनीत झोपडी बांधून राही आणि भाटकाराची मर्जी फिरली की छप्पर जाण्याची भीती असे. शिक्षण, नोकरी, देवळाची महाजनकी, सारे काही मोजक्या घराण्यांच्या हाती होते. हिंदू भाटकारही त्यात होते, ख्रिस्तीही होते. खाणमालक असूनही बहुजन समाजाचा माणूस म्हणून ओळखले जाणारे बांदोडकर या उतरंडीच्या विरोधात उभे राहिलेले पहिले बलवान नेते होते. अनेकांच्या मनात 'महाराष्ट्र' या शब्दाचा अर्थ मराठी शाळा आणि कूळकायदा असा होता. काहींच्या मनात तो खरोखर विलीनीकरण असाही होता. मतपत्रिकेवरच्या एका शिक्क्यात हे सारे अर्थ एकत्र मिसळले आणि मोजणीनंतर ते वेगळे करण्याची सोय राहिली नाही.

एडमंड बर्कने ३ नोव्हेंबर १७७४ रोजी ब्रिस्टलच्या मतदारांपुढे प्रतिनिधीच्या कर्तव्याची जी मांडणी केली, ती राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित असते. प्रतिनिधीने मतदारांचे हित पाहावे, परंतु स्वतःचा विवेक त्यांच्या मताला विकू नये, हे तिचे सार. (ब्रिस्टलकरांना ते फारसे रुचले नसावे, कारण १७८० मध्ये आपला पराभव दिसू लागताच बर्कने तेथील लढतीतून माघार घेतली.) गोव्यात मात्र कोणीही बर्कच्या बाजूने बोलत नव्हते. बांदोडकर आणि सिक्वेरा दोघेही आपण लोकांच्या मागे चालत असल्याचे सांगत होते. एकाचा पुरावा विधानसभेतील बहुमत होता. दुसऱ्याची मागणी अशी होती की हा प्रश्न, आणि केवळ हाच प्रश्न, थेट लोकांना विचारावा.

सिक्वेरांची मागणी तत्त्वनिष्ठ होती तशी सोयीचीही होती, हे नमूद केले पाहिजे. सभागृहात त्यांच्याकडे बहुमत नव्हते. गोव्याबाहेर राहणाऱ्या गोवेकरांनाही मतदानाचा अधिकार मिळावा असा त्यांचा आग्रह होता आणि तो फेटाळला गेला. दिल्लीत काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांनी जनमत कौलासाठी मनधरणी केली. अखेर संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि मतदान निष्पक्ष व्हावे म्हणून बांदोडकर सरकारने ३ डिसेंबर १९६६ रोजी राजीनामा दिला. स्वतःच्या बहुमताचा आधार सोडून मुख्यमंत्र्याने खुर्ची रिकामी करणे ही लहान गोष्ट नव्हती. जिंकण्याचा विश्वास असल्याखेरीज कोणी असे करत नाही, आणि तो विश्वास त्यांना असावा.

कौलासाठी पक्षांची चिन्हे वापरली गेली नाहीत. विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहण्यासाठी दोन पाने अशी नवी चिन्हे ठरली. दिसायला ही प्रशासकीय बाब, पण तिने सिंहाला मतपत्रिकेवरून दूर केले. ज्याने आयुष्यात एकदाच मत दिले होते आणि तेही सिंहाला, त्याला आता बांदोडकरांशी मनाने एकनिष्ठ राहूनही दोन पानांवर शिक्का मारता येत होता.

प्रचार घरोघरी पोहोचला. विलीनीकरणाच्या बाजूने महाराष्ट्रातील नेते गोव्यात उतरले. विरोधी प्रचाराची एक मोठी तोफ होती मडगावचे 'राष्ट्रमत' हे दैनिक. ते मराठी दैनिक होते, ही गंमत विसरता येणार नाही. गोव्याने महाराष्ट्रात जाऊ नये हे मराठीतून, मराठी वाचणाऱ्या हिंदूंना, चंद्रकांत केणी आणि उदय भेंब्रे यांच्यासारखे लेखक दररोज समजावून सांगत होते. उल्हास बुयांव यांची कोंकणी गाणी गावोगाव फिरत होती. युक्तिवाद भावनेचे होते तसे पोटाचेही होते. मोठ्या राज्यात गोवा दूरचा एक जिल्हा होऊन राहील, नोकऱ्या बाहेरच्यांना जातील, महाराष्ट्रातील दारूबंदी आली तर माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराने काय करायचे, हे प्रश्न सभांत विचारले जात.

सुमारे ३,८८,४०० मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मतदान केले, म्हणजे जवळजवळ ८२ टक्के. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. ७,२७२ मते बाद झाली. फरक ३४,०२१ मतांचा. सासष्टीने विलीनीकरण प्रचंड मताधिक्याने नाकारले, तर पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांत फुलाचा जोर राहिला. या आकड्यांवरून ख्रिस्ती विरुद्ध हिंदू असा सोपा अर्थ पुष्कळदा काढला जातो. परंतु ख्रिस्ती लोकसंख्या निम्म्याहून बरीच कमी असलेल्या प्रदेशात वैध मतांपैकी ५५ टक्क्यांहून अधिक मते दोन पानांना पडली, ती हिंदू मतदारांच्या एका मोठ्या गटाशिवाय शक्यच नव्हती. त्या गटातील काहींनी १९६३ मध्ये सिंहाला मत दिले असले पाहिजे.

आणि मार्चमध्ये ते पुन्हा सिंहाकडे वळले. विधानसभेच्या निवडणुकीत मगोला १६ जागा मिळाल्या, युगोला पूर्वीइतक्याच १२. जनमत कौल जिंकून देणाऱ्या डॉ. सिक्वेरांना लोकांनी विरोधी बाकांवरच ठेवले. गोवा वेगळा राहील एवढी हमी मिळाल्यावर राज्य कोणी करायचे हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने निराळा होता, आणि भाटकारांचा पक्ष अशी प्रतिमा असलेल्या युगोला त्याचे उत्तर देता आले नाही.

बांदोडकरांच्या कारकिर्दीचा अधिक रोचक भाग येथून सुरू होतो. त्यांनी पक्षाचे नाव बदलले नाही, पण निकाल उलटवण्यासाठी रान उठवले नाही. १९६४ मध्ये झालेल्या कूळ कायद्याने कुळांना बेदखलीपासून संरक्षण दिले होते, त्याच दिशेने काम चालू राहिले. जेथे पूर्वी शाळा नव्हती अशा गावांत सरकारी प्राथमिक शाळा उघडल्या गेल्या आणि त्यांत बहुतेक ठिकाणी मराठी शिकवली जाई. सीमारेषा न हलवताही मतदाराच्या मनातला 'महाराष्ट्र' अशा रीतीने बराचसा गोव्यातच उतरला. एका प्रश्नावर लोकांनी त्यांना थांबवले आणि ते थांबले, तर जमीन व शिक्षणाच्या प्रश्नांवर प्रबळ घराण्यांच्या नाराजीची पर्वा न करता ते पुढे गेले.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या आणि १९७६ च्या दुरुस्तीने कुळांना कसत्या जमिनीची मालकी देण्याचा मार्ग खुला झाला. ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र घटक राज्य बनले. जनमत कौल फुलाच्या बाजूने गेला असता तर ते घडले नसते.

१६ जानेवारी हा दिवस गोव्यात 'अस्मिताय दिस' म्हणून पाळला जातो. पर्वरीच्या विधानसभा संकुलात पुतळा आहे तो मात्र भाऊसाहेब बांदोडकरांचा. तेथे डॉ. सिक्वेरांचाही पुतळा असावा, ही मागणी अनेकदा झाली आहे आणि तिच्यावरून सभागृहात वादही झडले आहेत.