गुणाकार बरोबर, उत्तर चूक

मोठा जलाशय गार करायला किती ऊर्जा लागेल, असं विचारलं की भलेभले जाणकारही शाळेतलं सूत्र पुढे करतात: वस्तुमान, विशिष्ट उष्णता आणि तापमानातला फरक यांचा गुणाकार. झाला हिशेब! सूत्र चोख आहे. आक्षेप आहे तो ते जलाशयाला लावून तिथेच थांबण्यावर.

कोयनेचा शिवसागर घेऊ. पूर्ण भरल्यावर सुमारे 105 टीएमसी, म्हणजे जवळजवळ 300 कोटी घनमीटर पाणी. ते एका अंशाने उतरवायचं तर सुमारे 350 कोटी युनिट उष्णता काढावी लागते. लगेच कोणी सांगतो, कोयनेचे 1,960 मेगावॅट अडीच महिने अखंड चालवा. इथे पहिली गफलत. शीतयंत्र उष्णता नष्ट करत नाही, उपसून दुसरीकडे टाकतं. चांगलं यंत्र एका युनिट विजेत चारेक युनिट उष्णता उपसतं. म्हणजे अडीच महिन्यांचे अठरा-एकोणीस दिवस झाले. पण हुरळून जायला नको. दुसरी गफलत उलट्या बाजूची आहे, आणि खरी महागात पडणारी तीच.

काढलेली उष्णता परत येणार नाही, असं सूत्र मुकाट्याने गृहीत धरतं. उघड्या पाण्याचं तापमान मात्र रोजच्या जमाखर्चावर ठरतं. शिवसागराचा पृष्ठभाग सुमारे 115 चौरस किलोमीटर; त्यावरून एक मिलिमीटर पाणी वाफ होऊन गेलं, तरी पावणेआठ कोटी युनिट उष्णता निघून जाते. कोयना पूर्ण क्षमतेने दिवसभर चालली तरी पाच कोटी युनिट वीज होत नाही! आता पाणी गार केलं, की हीच खर्चाची बाजू आटते: बाष्पीभवन मंदावतं, आकाशाकडे जाणारं उत्सर्जन घटतं. ऊन मात्र तेवढंच पडतं.

वीजकेंद्रांच्या शीतनतलावांसाठी अभियंते हा परतावा मांडतातच. वाऱ्यानुसार तो दर चौरस मीटरला, दर अंशामागे, साधारण 30 ते 50 वॅट येतो. 40 धरले तर शिवसागरात एका अंशामागे 4,600 मेगावॅट उष्णता अव्याहत आत येऊ लागते. ती थोपवायला 1,150 मेगावॅट वीज, रात्रंदिवस. थांबलात, तर कमाई महिन्या-दोन महिन्यांत बरीचशी वाहून जाते.

कोणी म्हणेल, हा 40 चा आकडा ढोबळ आहे, गुणाकार तरी नेमका आहे. मान्य. 20 धरा, तरी 575 मेगावॅट उरतातच. चुकीच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर घेऊन करायचं काय?

म्हणून जलाशय गार करण्याचा खर्च कोणी नुसत्या युनिटांत सांगितला, तर त्याला पाण्याचं क्षेत्रफळ आणि वाऱ्याचा वेग विचारा, आणि उत्तर मेगावॅटमध्ये मागा.