इलेक्ट्रॉन राहतो कुठे? : जॉन गुडइनफ आणि लिथियम बॅटरी

आज जॉन गुडइनफ यांच्याविषयी बोलायचं आहे. २०१९ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. इतक्या वयात नोबेल मिळालेला दुसरा माणूस नाही. लिथियम बॅटरीवाले शास्त्रज्ञ अशी त्यांची ओळख करून दिली जाते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. बॅटरीकडे ते वळले तेव्हा पन्नाशीला आले होते. मग त्याआधी ते काय करत होते?

जन्म १९२२चा. येल विद्यापीठात गणित, महायुद्धात सैन्यात हवामानखात्याचं काम, मग शिकागोला भौतिकशास्त्रात डॉक्टरेट. १९५२ साली ते एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत आले. तिथं संगणकाची स्मृती घडवायची होती. लोह-ऑक्साइडाच्या बारीक कड्या, एकेका कडीत चुंबकत्वाच्या दिशेनं साठवलेला एकेक अंक. या कड्या सुधारायच्या तर एक मूलभूत प्रश्न सोडवणं भाग होतं. लोखंड, कोबाल्ट, मँगनीज या संक्रमण धातूंच्या ऑक्साइडांत इलेक्ट्रॉन आपल्या अणूच्या घरी बसून राहतो, की स्फटिकभर हिंडतो? हे धातू असे, की धड घरचेही नाहीत आणि धड भटकेही नाहीत. गुडइनफ यांनी हा प्रश्न धरला तो आयुष्यभर सोडला नाही.

१९७६ साली ते ऑक्सफर्डला गेले. तेलसंकट नुकतंच येऊन गेलं होतं. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी टायटॅनियम सल्फाइडाच्या थरांत लिथियम शिरवून बॅटरी केली होती. पण दाब दोन व्होल्टच्या थोडा वर, आणि ऋण टोकाला शुद्ध लिथियम धातू, म्हणजे आगीची भीती. गुडइनफ यांचा तर्क बघा. सल्फाइडातून दाब वाढवायला गेलं, की इलेक्ट्रॉन धातूऐवजी गंधकाकडूनच सुटू लागतात. ऑक्सिजन आपले इलेक्ट्रॉन जास्त घट्ट धरतो. तेव्हा ऑक्साइड घ्या, दाब वाढेल. यामागे नुसता अंदाज नव्हता, आधीच्या वीसेक वर्षांचा अभ्यास होता. १९८० साली मिझुशिमा, जोन्स आणि वाइझमन या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साइड पुढे आणलं. दाब चार व्होल्ट!

आणखी एक गंमत आहे. या पदार्थात लिथियम आधीच असतो. म्हणजे बॅटरी रिकामीच तयार करायची आणि मग भरायची. त्यामुळे ऋण टोकाला लिथियम धातूची गरजच उरली नाही. जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी १९८५ साली तिथं कार्बन वापरला, आणि १९९१ साली सोनीनं बॅटरी बाजारात आणली. ऑक्सफर्डनं पेटंट घेण्यात रस दाखवला नव्हता. हक्क हार्वेलच्या अणुऊर्जा संस्थेकडे गेले आणि गुडइनफ यांच्या हाती स्वामित्वधन आलं नाही.

पण गोष्ट इथं संपत नाही. कोबाल्ट महाग, आणि त्याचा मोठा साठा काँगोत, जिथल्या खाणींत लहान मुलंही राबतात. मग स्वस्त लोखंड का नको? कारण साध्या लोह-ऑक्साइडातून पुरेसा दाब मिळत नव्हता. टेक्सासला गेल्यावर गुडइनफ आणि अरुमुगम मंथिराम यांनी ऑक्सिजनला दुसऱ्या अणूशी घट्ट बांधून लोखंडाचा दाब वाढतो, हे दाखवलं. त्याच वाटेवर १९९७ साली अक्षय पाधी आणि नंजुंडस्वामी यांच्याबरोबर लिथियम लोह फॉस्फेट आलं. आज कितीतरी विजेच्या बसगाड्या त्यावर धावतात.

आता तत्त्वज्ञानाच्या माणसाला पडणारा प्रश्न. हे ज्ञानासाठी ज्ञान होतं का? नाही. लिंकन प्रयोगशाळेला पैसा सैन्याचा होता आणि हेतू अगदी ठरलेला होता. पण तो हेतू टिकला नाही. सिलिकॉनच्या चिप आल्या आणि चुंबकी कड्या संग्रहालयात गेल्या. टिकली ती त्या कामासाठी कमावलेली समज. संशोधनाला पैसा देताना ‘याचा उपयोग काय?’ असं जरूर विचारावं, पण मिळालेलं उत्तर शेवटचं मानू नये, एवढं या इतिहासातून मी घेतो.

गुडइनफ यांच्या वतीनं स्टॉकहोमला नोबेल व्याख्यान मंथिराम यांनी दिलं. जून २०२३मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, गुडइनफ गेले. थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.