काडी फेकू नका! कपबुरशीच्या ओळखीची गोष्ट

आजच्या एपिसोडचा हिरो काही मिलिमीटरचा आहे. पावसाळ्यात कुजक्या काडीवर बारके पेले उगवतात ना, पांढरे, पिवळे, लाल? तीच कपबुरशी. आता तिची जात ओळखायची कशी?

आधी लोक रंग आणि आकार बघायचे. पण पेला वाळला की रंग उडतो, आकार आकसतो. १८८५ साली फ्रान्सच्या एमिल बूदिए यांनी (पेशाने फार्मासिस्ट बरं का!) वेगळीच खूण धरली. या बुरशीचे बीजाणू नळीसारख्या पिशवीत असतात, एका पिशवीत बहुधा ८. काही पिशव्यांना वर झाकण असतं, ते उघडून बीजाणू उडतात. काहींना झाकणच नसतं. या फरकावर त्यांनी अख्ख्या गटाची वाटणी केली.

पण नुसत्या बीजाणूंवर भागत नाही. डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर ही कंपोझिट की आहे: एक कॉलम बीजाणू, दुसरा कॉलम ती ज्यावर उगवली ते झाड. दुसरा कॉलम रिकामा ठेवला तर काय होतं?

युरोपचं उदाहरण घ्या. १९९० च्या दशकात पोलंडमध्ये ॲशची झाडं वाळायला लागली, मग रोग खंडभर पसरला. २००९ मध्ये संशय आला तो ॲशच्या गळलेल्या देठांवरच्या एका जुन्या, निरुपद्रवी पांढऱ्या कपबुरशीवर. डीएनए तपासल्यावर कळलं की दिसायला तशीच, पण ही दुसरीच जात. मग आली कुठून? जपानमध्ये १९९३ साली मांचुरियन ॲशच्या देठांवरची एक कपबुरशी वेगळ्या नावाने नोंदवलेली होती. २०१२ मध्ये सिद्ध झालं की ती हीच! पूर्व आशियातल्या ॲशवर ती फारसं नुकसान न करता राहते, युरोपातल्या ॲशला मात्र मारते. त्या जुन्या नमुन्यावर झाडाचं नाव होतं, म्हणून धागा जुळला.

आपल्याकडे असे नमुने पुण्यात, आघारकर संशोधन संस्थेच्या अजरेकर मायकॉलॉजिकल हर्बेरियममध्ये जपतात. अशा संग्रहात वाळलेली बुरशी तिच्या काडीसकट पाकिटात जाते. वर झाड, गाव, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव.

आणि इथेच आपल्या बीडच्या माणसाचा नंबर लागतो. बालाघाटच्या डोंगरात किंवा पाटोद्याच्या नायगाव मयूर अभयारण्याजवळ फिरताना पेले दिसले, तर मॅक्रो फोटो जरूर काढा. पण बीजाणू फोटोत येत नाहीत, त्याला सूक्ष्मदर्शकच लागतो. तुम्ही देऊ शकता तो दुसरा कॉलम. काडी बाभळीची, लिंबाची की बोरीची? साल असलेली की सोललेली? ओळखू येत नसेल तर गुरं राखणाऱ्या आजोबांना विचारा. कुजक्या काडीवरून झाड सांगणारी माणसं गावात आहेत, तोवर हे लिहून घ्यायला हवं. अभयारण्याच्या आतून मात्र परवानगीशिवाय काहीच उचलू नका, फोटो आणि झाडाचं नाव पुरे.

भेटू पुढच्या भागात!