अक्कलदाढ आणि खानदेश

सतराव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत केव्हातरी जबड्याच्या टोकाला उगवणारी, आणि जागा अपुरी पडल्यास तिरपी होऊन शेजारच्या दाढेला रेटणारी अक्कलदाढ ही केवळ आधुनिक काळाची व्याधी आहे, हा समज सुश्रुतसंहितेपुढे टिकत नाही. कारण तिच्या निदानस्थानात जबड्याच्या शेवटच्या दाताशी येणारी, तीव्र वेदनेची व लाळ गाळणारी सूज 'अधिमांसक' या नावाने नोंदलेली असून, चिकित्सास्थानात ते वाढलेले मांस छेदण्याचा विधीही सांगितला आहे.

हे ज्ञान पोथ्यांत राहिले. सामान्य रयतेच्या वाट्याला ते क्वचितच आले. 1818 साली पेशवाई जाऊन खानदेशावर इंग्रजी अंमल बसला, 1906 मध्ये मुलखाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे होऊन जळगाव व धुळे येथे कचेऱ्या झाल्या. तरी दाढ ठणकू लागली म्हणजे लवंगेचे तेल लावावे, मिठाच्या पाण्याने गुळण्या कराव्यात, आणि तेवढ्याने न भागल्यास आठवडे बाजारात वैदूपुढे तोंड उघडून बसावे, हीच खेड्यापाड्यांची रीत होती. हलणारा दात चिमट्याने निघे. परंतु हाडात रुतलेली दाढ ओढताना मोडे, आणि आत राहिलेल्या मुळाशी पू धरे.

अशी दाढ काढण्यासाठी हिरडी चिरावी, भोवतालचे हाड कोरावे, प्रसंगी दाढेचेच तुकडे करावे लागतात, आणि बधिरीकरणाखेरीज हे कर्म म्हणजे रोग्याचा छळच होय. म्हणूनच 1846 साली बोस्टन येथे मॉर्टन या दंतवैद्याने केलेला ईथरचा जाहीर प्रयोग आणि 1943 मध्ये स्वीडनमध्ये सिद्ध झालेले लिग्नोकेन यांचे ऋण खानदेशच्या रोग्यांवरही आहे. दरम्यान विद्येचीही सोय झाली: 1920 साली डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात देशातील पहिले दंतमहाविद्यालय काढले, 1933 मध्ये मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय उघडले, आणि 1948 च्या दंतवैद्यक कायद्याने या व्यवसायाला नोंदणीचे बंधन घातले. आज खुद्द धुळ्यात दंतमहाविद्यालय आहे.

सरळ उगवलेली, निरोगी व स्वच्छ ठेवता येणारी अक्कलदाढ उगाच काढू नये. मात्र जी वारंवार सुजते, शेजारची दाढ किडवते, ती अंगावर काढणे अयोग्य होय. आणि तोंड उघडेनासे झाले किंवा घास गिळवेना, तर त्याच दिवशी नोंदणीकृत दंतवैद्य गाठावा.