एक आण्याचा फराळ

शाळेंत आलेल्या मुलाला खाऊं घालणें हा शिक्षणाचा खर्च म्हणावा काय? प्रश्न कारकुनी दिसतो खरा; पण त्याच्या उत्तरापायीं मद्रासेंत एक चांगली योजना एकदां बुडाली होती.

सर त्यागराय चेट्टी अध्यक्ष असतांना १९२० सालीं मद्रास कॉर्पोरेशननें थाउजंड लाइट्स वस्तींतील आपल्या शाळेंत फराळ देण्याचें ठरविलें. खर्चाची मर्यादा दर मुलामागें रोजचा एक आणा. पुढें आणखी चार शाळांत ही सोय झाली, आणि या पांच शाळांचा पट १९२२-२३ मधील ८११ वरून १९२४-२५ मध्यें १६७१ वर गेला. परंतु प्राथमिक शिक्षणाच्या निधींतून हा खर्च करण्यास सरकारनें नकार दिला, व १ एप्रिल १९२५ पासून फराळ थांबला. पाटी शिक्षणाच्या खात्यांत बसे. भात बसत नसे! दोन वर्षांनीं गरीब मुलांपुरता तो पुन्हा सुरू झाला.

सबंध प्रांताचें धोरण होण्यास १९५६ साल उजाडावें लागलें. मुख्यमंत्री कामराज यांची स्वतःची शाळा लहानपणींच सुटली होती. त्यांनीं गांवोगांवच्या शाळांत दुपारचें जेवण आरंभिलें, तें आधीं लोकवर्गणीवर. वर्गणी सुगींत जमते व उन्हाळ्यांत आटते, हें आपण जाणतोंच. पुढें सरकारी अनुदान मिळूं लागलें, तेव्हां कुठें चुलीला शाश्वती आली.

१ जुलै १९८२ रोजीं एम. जी. रामचंद्रन यांनीं तामिळनाडूंत ही योजना फार मोठ्या प्रमाणावर वाढविली. दोन वर्षांच्या बालकांचीही तींत सोय झाली. ही मतांसाठीं उधळपट्टी आहे, असें अर्थशास्त्री म्हणाले. मतांचा हिशेब त्यांत नव्हताच असें मी म्हणणार नाहीं. पण तेवढ्यानें मुलांच्या पानांतला भात कमी होत नव्हता. १९८९ पासून पंधरवड्यास एक अंडेंही मिळूं लागलें.

केंद्र सरकारची योजना १९९५ ची. ती सुरू झाल्यावरही कित्येक राज्यें मुलांच्या हातीं नुसतें कोरडें धान्य ठेवीत. अखेर सर्वोच्च न्यायालयानें २८ नोव्हेंबर २००१ रोजीं सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतून शिजविलेलें अन्न देण्याचा आदेश दिला.

तामिळनाडूंत १५ सप्टेंबर २०२२ रोजीं मदुरेंत सकाळच्या न्याहारीची योजना सुरू झाली. पुढल्या वर्षीं ती राज्यांतील सर्व सरकारी प्राथमिक शाळांत पोंचली.